संगणक-पदव्यांची नावे आणि आपल्या मुलांची निवड

मागासवर्गीय विद्यार्थ्याच्या शिक्षणाविषयी आपल्या चळवळीत जी चर्चा होते ती बहुतांशी प्रवेशापाशी येऊन थांबते. जागा मिळाली काय, शिष्यवृत्ती सुटली काय, वसतिगृहात नंबर लागला काय, हे प्रश्न आपण लढवले आणि ते लढवणे भागच होते. पण जागा कशाची घ्यावी हा प्रश्न आपण चर्चेचा मानला नाही. तो घरगुती प्रश्न समजला. आणि ज्या घरांत त्याचे उत्तर देणारे कोणी नाही, नेमक्या त्याच घरांवर तो सोपवून आपण मोकळे झालो.

आज आपल्या मुलामुलींचा मोठा ओढा कॉम्प्युटरकडे आहे. तो असण्यात गैर काही नाही. जातीचा वारसाधंदा मागे चिकटलेला नाही असे जे थोडे व्यवसाय आहेत त्यांत हा एक. परंतु अर्ज भरायला बसलेल्या मुलापुढे काय येते ते पाहावे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स, आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड मशीन लर्निंग, सायबर सिक्युरिटी. इंजिनिअरिंग परवडत नाही किंवा सी.ई.टी.त गुण कमी पडले म्हणून बाजूला वळावे तर तिथे बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, बी.एस्सी. आय.टी., बी.सी.ए., आणि पुण्याकडे बी.बी.ए. (सी.ए.). या शेवटच्या नावातले सी.ए. म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. चार्टर्ड अकौंटन्सीशी त्याचा संबंध नाही.

ज्या घरात काका इंजिनिअर आहे, मावशी प्राध्यापक आहे, त्या घरात या नावांचा उलगडा संध्याकाळच्या चहाबरोबर होतो. त्यासाठी कोणी पैसे मोजत नाही, कोणी रांगेत उभे राहत नाही. आपल्या मुलाला मात्र तो सायबर कॅफेवाल्याकडून, कॉलेजच्या एजंटाकडून किंवा वर्षभर आधी कुठेतरी चिकटलेल्या मित्राकडून मिळवावा लागतो. जमीन आणि पैसा यांच्याप्रमाणेच माहिती हीसुद्धा या देशात जातीच्या उतरंडीने वाटली गेलेली मालमत्ता आहे. फरक इतकाच की ती वाटून घेतल्याने कमी होत नाही. म्हणून हा लेख.

प्रथम ही नावे आली कोठून ते पाहू. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तेव्हापासून कोणती शाखा किती जागांची काढायची हे समाजाच्या गरजेपेक्षा बाजारातल्या मागणीवर अधिक ठरू लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस, सन २००० ची तारीख संगणकांना उमगेल की नाही या प्रश्नाने जगभरच्या कंपन्यांना घाम फोडला होता. तेव्हा भारतातल्या प्रोग्रामरांना प्रचंड मागणी आली आणि त्याच सुमारास इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी ही शाखा ठिकठिकाणी उभी राहिली. पुढे २०२० नंतर आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्सच्या पाट्या लागल्या. एका शाखेत किती जागा घ्यायच्या यावर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मर्यादा होती. तेव्हा कॉम्प्युटरच्या जागा भरल्या की शेजारच्या खोलीत नव्या नावाची शाखा उघडणे हा संस्थाचालकांना सोपा मार्ग होता. चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी परिषदेने २०२४-२५ पासून ही मर्यादाही काढून टाकली आहे. नव्या शाखांत ज्ञान नाही असे म्हणण्याचा हेतू नाही. नाव वेगळे आहे एवढ्यावरून आतला माल वेगळा आहे असे मात्र समजू नये.

मग आत काय आहे? इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष सगळ्या शाखांना जवळजवळ सारखे असते. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, थोडे विजेचे, थोडे यंत्रांचे, आणि प्रोग्रामिंगची ओळख. दुसऱ्या वर्षापासून फाटे फुटतात, पण तेही लहान. डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा पाया कॉम्प्युटरवाल्यालाही आहे आणि आय.टी.वाल्यालाही. कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम यंत्राच्या पोटात थोडा खोल उतरतो. प्रोसेसर कसा चालतो, आपण लिहिलेली भाषा यंत्राच्या भाषेत कशी उतरते, कोणता प्रश्न यंत्राने सोडवता येतो आणि कोणता मुळातच येत नाही, याचा विचार तिथे अधिक होतो. आय.टी.चा भर वापराच्या बाजूला असतो. माहितीचा साठा, तिची ने-आण, तिची सुरक्षितता, वेबवर चालणाऱ्या प्रणाली. डेटा सायन्सच्या शाखेत संख्याशास्त्र आणि संभाव्यता यांचे वजन वाढते. ज्याला गणिताची धास्ती आहे त्याने कॉम्प्युटरपेक्षा हे सोपे असेल असे समजून तिकडे जाणे धोक्याचे आहे. तिथे गणित अधिक आहे, कमी नाही.

कॉम्प्युटर आणि आय.टी. यांत फरक किती हे ठरवायला एक चांगला साक्षीदार आहे. इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि काही सरकारी कंपन्यांतील भरतीसाठी जी गेट परीक्षा होते, तिच्यात या दोन शाखांना एकच प्रश्नपत्रिका आहे. तिचे नावच कॉम्प्युटर सायन्स अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी. डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्ससाठी वेगळी प्रश्नपत्रिका २०२४ पासून सुरू झाली, पण ती दिलीच पाहिजे अशी सक्ती त्या शाखेच्या विद्यार्थ्यावर नाही. सॉफ्टवेअर कंपन्या कॉलेजात भरतीला येतात तेव्हाही या शाखांची मुले सहसा एकाच रांगेत बसतात. तरीसुद्धा एकाच कॉलेजात कॉम्प्युटरची गुणरेषा वर आणि आय.टी.ची खाली, हे चित्र वर्षानुवर्षे दिसते. वर कोण, खाली कोण हे एकदा ठरले की त्याची कारणे शोधण्याची गरज आपल्या समाजाला वाटत नाही. शाखांनाही आपण वर्ण लावून ठेवले आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ असा. समजा एका मुलाला कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात आय.टी. मिळते आहे, आणि गावाजवळच्या नवख्या खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर. मुलगा आणि त्याचे वडील दोघेही कॉम्प्युटर या नावाला भुलतात, हे कार्यकर्त्यांना नेहमी दिसत असेल. अशा वेळी निःशंकपणे सांगावे की शासकीय कॉलेजातली आय.टी. घे. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्थेत किंवा अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयात दोन्ही शाखा आहेत. तिथे एकाच छपराखाली निवड करायची असेल तर खुशाल आवड पाहावी. पण एक छप्पर आणि दुसरे छप्पर यांत निवड असेल तर छप्पर आधी पाहावे आणि पाटी नंतर. कायम नेमणुकीचे शिक्षक किती, प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी असते का, वरच्या वर्गातली आपल्या समाजाची मुले किती आहेत आणि ती पास होत आहेत का, वसतिगृह किती लांब, या गोष्टी चार वर्षे रोज भोगायच्या असतात. शाखेचे नाव पदवीच्या कागदावर एकदाच छापले जाते.

नव्या नावांच्या शाखांसंबंधी एक तपास कोणालाही करता येण्यासारखा आहे. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, म्हणजे एन.बी.ए., मान्यता देते ती त्या त्या अभ्यासक्रमाला, अख्ख्या कॉलेजाला नव्हे. आणि निदान दोन तुकड्या उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्याशिवाय ती मागताही येत नाही. म्हणून ‘आमचे कॉलेज एन.बी.ए. मान्यताप्राप्त’ अशी पाटी दिसली की विचारावे, कोणत्या शाखेला? पुष्कळदा उत्तर मिळते ते मेकॅनिकलचे असते आणि मुलगा घेत असतो डेटा सायन्स.

पसंतीक्रमाच्या अर्जाविषयीही बोलले पाहिजे, कारण तिथे होणारे नुकसान भरून निघत नाही. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणजे पहिल्या क्रमांकावर जे लिहिले ते मिळाले तर आपण आनंदाने घेणार आहोत, याची खात्री असली पाहिजे. ‘मिळण्यासारखे’ म्हणून जवळचे कॉलेज वर टाकणे आणि ‘आपल्याला कुठले मिळणार’ म्हणून शासकीय कॉलेज खाली टाकणे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. अर्जातला क्रम लायकीचा अंदाज घेण्यासाठी नसतो. वर लिहिलेले मिळाले नाही तर खालचे मिळण्याची संधी तेवढीच राहते. शतकानुशतके आपण स्वतःला खालच्या ओळीत लिहीत आलो, निदान या अर्जात तरी तसे करू नये. नियम वर्षागणिक थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी. दादाने गेल्या वर्षी काय केले त्यावर जाऊ नये. आणि जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीचा निकाल लागल्यावर करण्याचा नसतो, अकरावीतच करायचा असतो.

येथवर इंजिनिअरिंगमधल्या शाखांचे झाले. त्यांतला फरक लोक समजतात त्यापेक्षा लहान आहे. उलट इंजिनिअरिंग आणि तीन वर्षांच्या पदव्या यांतला फरक, आणि त्या तीन वर्षांच्या पदव्यांमधला आपापसांतला फरक, लोक समजतात त्यापेक्षा मोठा आहे. ‘शेवटी सगळे कॉम्प्युटरच’ असे म्हणून जो तो टाळला जातो, तो हा फरक.

बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स ही विज्ञानशाखेची पदवी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात तिला पूर्वी बी.सी.एस. म्हणत. बारावीला गणित लागते, आणि पदवीतही संगणकाच्या जोडीला गणित, संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स येते. मुंबई विद्यापीठातली बी.एस्सी. आय.टी. तिच्या शेजारची, पण अधिक वापराकडे झुकलेली. बी.सी.ए. सामान्यपणे कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलालाही खुली. गणित सोडून कला शाखेत गेलेल्या आपल्या मुलांना संगणकाकडे येण्याची जी थोडी दारे आहेत त्यांत हे एक आहे, म्हणून त्याला कमी लेखू नये. मात्र २०२४-२५ पासून बी.सी.ए. आणि बी.बी.ए. या पदव्या तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेल्या आणि महाराष्ट्रात त्यांनाही सी.ई.टी. लागली. तेव्हा सी.ई.टी. टाळण्यासाठी काही महाविद्यालयांनी तोच अभ्यासक्रम वेगळ्या नावाने चालू ठेवला. अशा नव्या नावाची पदवी घेताना ती पुढे एम.सी.ए.ला आणि नोकरीच्या जाहिरातींना चालते का, हे लेखी विचारून घ्यावे.

पुढची दारे हाच खरा मुद्दा आहे. राष्ट्रीयीकृत बँकांत आय.टी. अधिकारी नेमण्यासाठी आय.बी.पी.एस.ची जी परीक्षा होते तिची पात्रता पाहावी. संगणक, माहिती तंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स अशा विषयांतली चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी, किंवा त्या विषयांतली पदव्युत्तर पदवी, किंवा पदवी आणि जोडीला डोएकची ‘बी’ पातळी. नुसती तीन वर्षांची बी.एस्सी. आय.टी. किंवा बी.सी.ए. त्यात बसत नाही. ही राखीव जागांची नोकरी आहे, म्हणून आपल्या दृष्टीने तिचे मोल अधिक. याचा अर्थ तीन वर्षांची पदवी घेऊ नये असा होत नाही. ती घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून पाच वर्षांचा हिशोब धरावा. तीन वर्षे पदवी, दोन वर्षे एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. एम.सी.ए. पूर्वी तीन वर्षांचे होते, २०२०-२१ पासून दोन वर्षांचे झाले, हे आपल्या बाजूचे आहे. पण तिथे बी.सी.ए. नसलेल्या पदवीधराला बारावीचे किंवा पदवीचे गणित विचारले जाते. अकरावीत सुटलेले गणित असे पाच-सहा वर्षांनी दार अडवून उभे राहते. ज्याला प्राध्यापक व्हायचे आहे त्याने हे लक्षात ठेवावे की नेट परीक्षेत कॉम्प्युटर सायन्स अँड ॲप्लिकेशन्स असा एकच विषय आहे, एम.सी.ए. आणि एम.एस्सी. दोघेही तिथे एकाच बाकावर बसतात.

आणखी एक गैरसमज फार महागात पडतो. ‘आधी बी.सी.ए. करून घेऊ, मग जमल्यास इंजिनिअरिंगला जाऊ.’ भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एका पातळीवरचे शिक्षण पूर्ण केल्यावर त्याच पातळीवरच्या दुसऱ्या शिक्षणाला मिळत नाही, बी.ए. झालेल्याने बी.कॉम. घेतले तर ती नाही. पदवीनंतर पुन्हा पदवीच घ्यायची म्हणजे फी घरातून भरायची. श्रीमंताचा मुलगा अशी चाचपणी करू शकतो. आपल्याकडे चाचपणीलाही एकदाच पैसा मिळतो.

शिष्यवृत्तीचेच निघाले आहे तर तेही सांगून टाकतो. अनुसूचित जातीच्या या शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्यावर उत्पन्न असेल तर राज्याची फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती. पण व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती मिळत नाही. एजंट नेमके इथेच फसवतो. ‘कॉम्प्युटर हवे ना, मी मिळवून देतो, शिष्यवृत्ती होईल नंतर.’ ती होत नाही. मग दुसऱ्या वर्षी कॉलेज परीक्षेचा अर्ज अडवते आणि बाप सावकाराकडे जातो. प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली आय.टी. आणि कोट्यातून विकत घेतलेले कॉम्प्युटर यांत फरक दोन-तीन विषयांचा आणि काही लाखांचा असतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये धरलेली आहे. ती हातात उशिरा पडते हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही मुलीला घराबाहेर पाठवायला आईबाप तयार नसतात तेव्हा या योजनेचा कागद पुढे ठेवून बोलावे. मुलगी म्हणून तालुक्यातली बी.एस्सी. आणि मुलगा म्हणून पुण्याची बी.ई., अशी वाटणी आपल्याही घरांत होते आणि तिला आपण ‘निवड’ म्हणतो.

पदवी हातात आल्यावर जो बाजार भेटतो तिथे राखीव जागा नाहीत. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. काहींवर सवर्ण हिंदू आडनावे, काहींवर दलित, काहींवर मुस्लिम. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. या वास्तवावर शाखेची पाटी बदलणे हा उपाय नाही. हातात असते ते एवढेच की नाकारायला निमित्त मिळू नये. अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे साठ टक्क्यांची अट घालतात आणि मागे राहिलेला विषय चालवून घेत नाहीत. मराठी माध्यमातून आलेले आपले मूल पहिल्याच वर्षी इंग्रजीत गणित वाचताना कोलमडते, विषय मागे राहतात, आणि ही चाळणी त्याला तिसऱ्या वर्षी गाळते. म्हणून कार्यकर्त्यांची खरी गरज प्रवेशाच्या महिन्यापेक्षा त्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत अधिक असते. त्या वेळी आपण पुढच्या तुकडीच्या दाखल्यांत गुंतलेलो असतो. वस्तीतल्या बुद्धविहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्यांना इंजिनिअरिंगचे गणित शिकवले तर त्याचा उपयोग शाखानिवडीच्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त होईल.

दहावीनंतर पदविकेची, डिप्लोमाची वाटही आहे. तीन वर्षांनी थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश. ज्याला बारावी आणि सी.ई.टी.च्या शिकवण्या परवडत नाहीत त्याच्यासाठी ही वाट मला बरी वाटते. तिथेही कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी आणि इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अशी तीन नावे दिसतील. बरेचसे विषय एकच आहेत, त्यावरून डोके शिणवू नये. सावध राहायचे ते दुसऱ्या वर्षाच्या गणिताविषयी. पदविकेचा विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित न शिकता तिथे पोहोचतो.

राहता राहिले आर्टिफिशियल इंटेलिजन्सचे आकर्षण. २०२५ च्या जुलैत टी.सी.एस.ने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ठराविक साच्याचे प्रोग्राम लिहिण्याचे काम यंत्र करू लागले आहे हे उघड आहे. त्यावरून ‘आता ए.आय.चीच पदवी घ्या’ असा प्रचार चालला आहे. पण यंत्राने लिहिलेला प्रोग्राम चुकला कोठे हे ज्याला सांगता येते तोच टिकेल, आणि ते सांगायला डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, गणित हा जुना पायाच लागतो. तो आय.टी.च्या वर्गातही शिकता येतो आणि बी.एस्सी.च्याही. जिथे शिकवणारे शिक्षक आहेत तिथे.

तेव्हा आपल्या शिक्षकांनी हा विषय बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नये. दहावीच्या सुट्टीत मुलांना बसवून सांगावे की विज्ञान घेणार असाल तर भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नका, कला घेणार असाल तर बी.सी.ए.ची सी.ई.टी. ध्यानात ठेवा. प्रत्येक विद्यापीठाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. दोन शाखांचे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे विषय छापून मुलांपुढे शेजारी-शेजारी ठेवावेत आणि सारख्या विषयांवर पेन्सिलीने खुणा करायला सांगाव्यात. जे विषय उरतील त्यांची नावे फळ्यावर लिहून ते कशाविषयी आहेत हे समजावून द्यावे. त्याला एक दुपार पुरते.